घराच्या राखणीसाठी बंदूक: घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती

दिवाळी सरली की वर्धा जिल्ह्यात कापसाच्या गाड्या हिंगणघाट, आर्वी, देवळीच्या जिनिंगकडे लागतात आणि गावोगावच्या पारावर एक विषय निघू लागतो. सोयाबीनचा पैसा हाती आलेला असतो, कापसाचा यायचा असतो. घर गावाबाहेर वावरात, पोरे पुण्या-मुंबईला, मागे दोघेच म्हातारे. त्यात शेजारच्या गावात एखादी घरफोडी झाली की प्रश्न येतोच: एक लायसन काढून ठेवावे काय? आणि काढलेच, तर बंदूक कोणती घ्यावी?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र दुकानातल्या काचेमागच्या हत्यारांकडे पाहून मिळत नाही. त्यासाठी आधी आपल्या घराकडे पाहावे लागते. घर कुठे आहे, आत कोण राहते, रात्री कोण एकटे असते, मुले किती वर्षांची आहेत, घरात कोणी दारू पिते का, कर्जापायी कोणाची झोप उडाली आहे का, हे सगळे बंदुकीच्या निवडीचेच प्रश्न आहेत. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. वर्ध्यातल्या बहुतेक घरांना बंदुकीची गरज नाही. ज्या थोड्या घरांना ती खरोखर आहे, त्यांना बारा बोरची साधी दुनळी पुरते. या मतामागची कारणे पुढे देतो आहे. आपल्या घराला ती लागू पडतात का, ते तुम्ही ताडून पाहा.

पहिली गोष्ट पैशाची. घरात रोकड आहे हे गावाला कळते, आणि गावाला कळले की बाहेरही कळते. मालाचे पैसे खात्यावर घ्या, सोने लॉकरला ठेवा. मग घरात चोरण्याजोगे फारसे उरत नाही आणि राखण करायची ती माणसांचीच. घरफोडी करणारा अंधार, बंद घर आणि कमजोर कडी-कोयंडा शोधतो. मागच्या दाराला आतून लोखंडी आडणा, खिडक्यांना गज, अंगणात आणि गोठ्याकडे दिवा, लाइन गेली तरी चालेल असा सोलरचा एखादा बल्ब, आणि भुंकणारा कुत्रा एवढ्यावर पुष्कळ काम भागते. घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर ११२ लावता यायला हवा. आपल्या बंड्याचा, म्हणजे वावरातल्या घराचा, पत्ता एका वाक्यात कसा सांगायचा, हे आजीलाही पाठ असावे: कोणता रस्ता, कोणता पांदण, कोणत्या नाल्याच्या अलीकडे. रात्री दोन वाजता पोलिसांच्या गाडीला घर सापडत नाही, ही आपल्याकडची खरी अडचण आहे. गावात ग्रामरक्षक दल असेल तर त्यात घरचा एक माणूस असू द्या. नसेल तर पोलीस पाटलांना सांगून ते उभे करा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात त्याची तरतूद आहे.

एवढे करूनही काही घरे उरतात. सेलू तालुक्यात जंगलाला लागून एकटाच असलेला बंडा, आष्टी-कारंज्याकडे गावापासून तीन-चार किलोमीटर आत राहणारे कुटुंब, पिढीजात सराफी करणारे घर, किंवा ज्याच्यावर आधी हल्ला झाला आहे असा माणूस. यांना बंदुकीचा विचार करण्याचा पूर्ण हक्क आहे आणि त्यांनी तो संकोच न बाळगता करावा.

संकोच म्हणतो त्याला कारण आहे. हा गांधी-विनोबांचा जिल्हा. १९३६ पासून गांधीजी सेवाग्रामला राहिले, विनोबा पवनारला. इथे घरात बंदूक ठेवणे अनेकांना मुळातच पटत नाही, आणि त्या भावनेचा मला आदर आहे. पण इतिहासातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी सामान्य भारतीयाला निःशस्त्र केले होते. दांडीयात्रेच्या आधी, जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांतली एक स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने लोकनियंत्रणाखाली मिळावेत अशी होती. स्वतः अहिंसेचे व्रत घेतलेल्या माणसाने ती मागितली होती. ज्याला बंदूक नको त्याने ती घेऊ नये, पण ज्याला जिवाची खरी धास्ती आहे त्याला अपराधी वाटण्याचे कारण नाही.

आज लागू असलेला शस्त्र अधिनियम १९५९ चा, त्याखालचे नियम २०१६ चे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्यात मोठे बदल झाले. निवडीचा अर्धा निर्णय हा कायदाच करून टाकतो. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल, .३८ आणि .४५ चे रिव्हॉल्व्हर, .३०३ ची रायफल ही सगळी प्रतिबंधित बोरची हत्यारे. सामान्य नागरिकाला ती मिळत नाहीत, तेव्हा सिनेमात किंवा मोबाइलवर पाहिलेली बहुतेक हत्यारे डोक्यातून काढून टाका. उरतात ती .३२ चे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, .३१५ ची रायफल, काही .२२ ची हत्यारे, आणि बारा बोरची एकनळी, दुनळी किंवा पंप अॅक्शन.

रिव्हॉल्व्हरची ओढ सगळ्यांनाच असते. लहान आहे, उशाशी राहते, कमरेला लागते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे अर्ध्या किलोचे .३२ रिव्हॉल्व्हर काढले तेव्हा त्याची मोठी चर्चा झाली. किंमत होती लाखाच्या वर. पण छोटे हत्यार चालवायला सोपे असते हा गैरसमज आहे. नळी आखूड, पकड दोन हातांची, त्यात घाबरलेला माणूस: हात जरा हलला तरी गोळी भलतीकडे जाते. नेम टिकवायला वर्षभर नियमित सराव लागतो. काडतुसे महाग आणि परवान्यावर मोजून मिळणारी, शिवाय आपल्या जिल्ह्यात सराव करायचा तरी कुठे? ज्याला धंद्यामुळे रोकड घेऊन फिरावे लागते त्याचे गणित निराळे. घराच्या राखणीसाठी मी रिव्हॉल्व्हर सुचवणार नाही. आणखी एक कारण आहे: जे सहज लपवता येते ते मुलाच्या हातीही सहज लागते.

.३१५ ची रायफल घरासाठी तर नकोच. तिची गोळी चुकली तर किलोमीटरभर जाऊ शकते. आपली घरे कशी आहेत ते पाहा. पुढे विटांची खोली, मागे कुडाची भिंत, वर टिन किंवा कवेलू, पलीकडे भावाचे घर, त्यापलीकडे सालदाराचे. रायफलची गोळी अशा भिंती ओलांडून जाते. ती कोणाच्या अंगणात जाऊन पडेल हे चाप ओढणाऱ्याला कळत नाही, जबाबदारी मात्र त्याचीच राहते.

म्हणून बारा बोर. कायद्याचाही कल तिकडेच आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक स्वतंत्रपणे धरली आहे, आणि तिच्या परवान्याचा मार्ग इतर हत्यारांपेक्षा मोकळा ठेवला आहे. बँकेच्या दारात माजी सैनिकाच्या खांद्यावर दिसते ती हीच. एका काडतुसात अनेक छर्रे असतात, खांद्याला टेकवून धरल्याने ती स्थिर राहते, आणि रायफलच्या मानाने तिचा पल्ला फार कमी. तरीही जवळून सुटलेले मोठे छर्रे पातळ दार किंवा टिन भेदून जातात, म्हणून दारापलीकडे कोण आहे याचा विचार इथेही सुटत नाही. काडतुसे आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनतात. खोक्यावर एलजी, एसजी, बीबी आणि पुढे आकडे लिहिलेले असतात. एलजीचे छर्रे सर्वांत मोठे आणि मोजके, आणि आकडा वाढत जाईल तसा छर्रा बारीक. आपल्या बंदुकीच्या चेंबरची लांबी नळीवर कोरलेली असते. ती आणि काडतुसाची लांबी जुळते ना, हे दुकानदाराकडून समोर तपासून घ्या.

एकनळी, दुनळी आणि पंप अॅक्शन यांत मी दुनळीकडे झुकतो, आणि ते तिच्या उघडेपणासाठी. वरची कळ अंगठ्याने सरकवली की बंदूक मधोमध वाकते आणि दोन्ही नळ्यांची तोंडे डोळ्यांपुढे येतात. काडतूस आहे की नाही, हे अंधारात बोट घालूनही कळते. पंप अॅक्शनमध्ये पोटातल्या नळीत काडतुसे राहून जातात. ‘रिकामी आहे’ म्हणून हाताळलेल्या हत्यारातून बार उडतो तो अशाच ठिकाणी. घरात तीन पिढ्या राहत असतील तर उघडली की स्वतःची स्थिती दाखवणारे हत्यार सगळ्यांत भले.

नवी परवडत नसेल तर परवानाधारक विक्रेत्याकडे जुनी दुनळी मिळते. नागपूरच्या दुकानात ती हाती आली की घाई करू नका. आधी उघडून रिकामी असल्याची स्वतः खात्री करा, मग नळ्या सुट्या करून उजेडाकडे धरा आणि एका टोकाने आत पाहा. आतला भाग आरशासारखा चकचकीत दिसायला हवा. काळे ठिपके म्हणजे गंजाने खाल्लेल्या जागा. बाहेरून बोट फिरवताना पोचा लागला तर ती बंदूक तिथेच सोडा. नळ्या पुन्हा जोडून, दस्ता काखेत धरून बंदूक हलक्या हाताने हलवा. सांध्यात खुळखुळ जाणवली तर बिजागरी झिजली आहे. घोडे चढवल्यावर मागून जरासे दाबून घसरतात का, सेफ्टी लावल्यावर चाप खरोखर अडतो का, दोन्ही चाप सारखेच जड आहेत का, हे विक्रेत्यासमोर पाहा. मग मापाचा प्रश्न. कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचे मागचे टोक कोपराच्या खळीत टेकवा, आणि पहिले बोट चापापर्यंत आरामात पोचते का बघा. घरात बाईमाणसाच्या नावे लायसन असेल तर हे माप तिचेच घ्या. पुरुषाच्या मापाची लांब बंदूक तिच्या खांद्याला नीट बसत नाही, आणि एका बारात खांदा काळा-निळा झाला की ती पुन्हा बंदुकीला हात लावत नाही. साधारण तीन किलोचे हे हत्यार दोन मिनिटे खांद्याशी धरून उभे राहता येते का, तेही दुकानातच करून पाहा.

काही गोष्टींना हातच लावू नका. देशी कट्टा सर्वांत आधी. बेकायदा हत्यार बाळगले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे, प्रतिबंधित हत्यार असेल तर त्याहून कितीतरी जास्त. शिवाय तो हातातच फुटण्याची भीती. कायदेशीर बंदुकीची नळी कापून आखूड करणे हाही गुन्हाच. छर्ऱ्याच्या एअरगनला ०.१७७ बोर आणि वीस जूलच्या आत शस्त्र परवाना लागत नाही, म्हणून अनेकजण ती घेतात. ती नेमबाजी शिकायला चांगली आहे. घरात शिरलेल्या माणसापुढे ती धरली तर त्याला खरी बंदूक वाटेल आणि तो तसाच वागेल, तुमच्या हाती मात्र काहीच नसेल.

आता परवाना. वर्ध्यात परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, अर्थात जिल्हाधिकारी. अर्ज ए-१ नमुन्यात आणि ऑनलाइन करायचा. सोबत ओळख, वय आणि राहण्याचे पुरावे, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचे वैद्यकीय प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, आणि हत्यार कुठे व कसे ठेवणार याचे हमीपत्र. वय २१ पूर्ण हवे. मग पोलिसांची चौकशी होते. ठाणेदार गावात विचारपूस करतात, अहवाल पोलीस अधीक्षकांमार्फत जातो. काही महिने धरून चाला.

सगळ्यांत महत्त्वाचा तो कारणाचा रकाना. ‘स्वसंरक्षण’ एवढाच शब्द लिहून अर्ज टाकणाऱ्यांचे अर्ज पडून राहतात. घर गावठाणापासून किती दूर आहे, रात्री कोण असते, परिसरात कोणत्या घटना घडल्या, आपण ठाण्यात कधी तक्रार दिली आणि तिची पोच कुठे आहे, हे सगळे सविस्तर लिहा आणि कागद जोडा. लहान शेतकऱ्याने ‘आपल्याला कोण लायसन देणार’ म्हणून मागे हटू नये. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. नकार दिला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. ती मागून घ्या आणि तीस दिवसांत नागपूरला विभागीय आयुक्तांकडे अपील करा. दलालाला पैसे देऊन काम होईल या भरवशावर राहू नका. खोटा कागद जोडला गेला तर तुमचेच लायसन जाते आणि गुन्हाही तुमच्याच नावे होतो.

परवाना मिळाला की तो पाच वर्षांसाठी असतो. त्यावर किती काडतुसे घेता येतील, कोणत्या क्षेत्रात हत्यार नेता येईल, हे लिहिलेले असते. खरेदीनंतर हत्यार दाखवून नोंद करून घ्यावी लागते. एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारे ठेवता येतात. पूर्वी ही मर्यादा तीनची होती.

बंदूक घरी आली की खरे काम सुरू होते. दुनळीचे तीन भाग होतात: नळ्या, दस्ता आणि पुढचा लाकडी हात. ते सुटे करून कुलपात ठेवा, भिंतीला पक्क्या बसवलेल्या लोखंडी कपाटात. काडतुसे दुसऱ्या कुलपात. किल्ल्या परवानाधारकाच्या अंगावर. देव्हाऱ्यात, तांदळाच्या डब्यात किंवा खुंटीला नकोत, कारण घरातल्या आठ वर्षांच्या मुलाला या सगळ्या जागा ठाऊक असतात. भरलेली बंदूक दाराआड उभी करून झोपणे हे कोणत्याही घरात चालणार नाही. उशिरा शोधावी लागली तर काय, असे लोक विचारतात. म्हणूनच दार आणि आडणा भक्कम हवा: तो मोडायला लागणाऱ्या वेळात किल्ली फिरते, ११२ लागतो, आणि घरचे सगळे एका खोलीत येतात. त्या खोलीचे दार सांभाळायला बंदूक आहे. चोर शोधत अंधारात अंगणभर फिरण्यासाठी ती नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे गंज फार लवकर चढतो. महिन्यातून दोनदा तेलाचे कापड नळीतून फिरवा. काडतुसे कोरड्या डब्यात ठेवा आणि जुनी झालेली वापरून संपवू नका, विक्रेत्याला विचारून त्यांची विल्हेवाट लावा. सरावात एखादे काडतूस फुटले नाही तर नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा.

यापुढचे लिहिताना मला जड जाते, पण ते टाळून हा लेख पुरा होणार नाही. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांमुळे पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. त्यानंतरही ही दुःखे थांबलेली नाहीत. ज्या घरात कोणी गप्प गप्प राहतो, जेवत नाही, ‘आता काय उरलं’ असे बोलतो, त्या घरात बंदूक आणू नका. आधीच असेल तर त्याच दिवशी ती बाहेर काढा. परवानाधारक विक्रेत्याकडे सांभाळायला ठेवता येते, किंवा ठाणेदारांना भेटून जमा करता येते. त्यात कसलीच नामुष्की नाही. तो वाईट काळ अनेकदा टळतो, माणूस सावरतो, पुन्हा पेरणीला लागतो. हाताशी भरलेले हत्यार असेल तर सावरायला वेळच मिळत नाही. सेवाग्राम आणि सावंगी मेघे, दोन्हीकडच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. घरात दारू पिऊन हाणामारी करणारा कोणी असेल तर त्यालाही हेच लागू: जिल्हा कागदावर कोरडा आहे, पण बाटली कुठे मिळते हे त्याला माहीत असते.

बार कधी काढता येतो? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि खासगी बचावाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. आपल्याला किंवा दुसऱ्याला मारले जाईल, गंभीर दुखापत होईल, बलात्कार किंवा अपहरण होईल, अशी रास्त भीती असेल तर समोरच्याचा जीव जाईपर्यंतही बचाव करता येतो. मालमत्तेसाठी हा हक्क आवळलेला आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, किंवा चोरी-घुसखोरी अशा प्रकारे की जीव जाईल वा गंभीर इजा होईल असे वाटावे, एवढ्याच प्रसंगांत तो तिथवर जातो. या सगळ्यावर कलम ३७ ची मर्यादा आहे: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. गोठ्यातून मोटारीची केबल उचलून पळणाऱ्याच्या पाठीत छर्रे घालणे हा बचाव नाही. पळणारा पळाला, तर त्याला पळू द्या आणि ठाण्यात तक्रार द्या.

दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात शेताच्या वादात वडिलांच्या डोक्यावर गंडाशाचा घाव पडल्यावर मुलाने परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली. सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव मानला आणि त्याला सोडले. घटना १९९१ ची, निकाल २०१० चा. कायदा बाजूने असूनही मधली वर्षे कोर्टात गेली, हे बंदूक उचलण्याआधी लक्षात असू द्या.

अंधारात नेम धरण्याआधी कोण आहे ते पाहणे हा कायद्याइतकाच साध्या माणुसकीचा भाग आहे. रात्री दार वाजवणारा गाय अडली म्हणून आलेला सालदार असू शकतो, शेवटच्या एसटीने न सांगता आलेला मुलगा असू शकतो. हाती आधी बॅटरी, तोंडी आधी हाक. घाबरवण्यासाठी हवेत बार काढू नका; जिवाला धोका होईल असा निष्काळजी गोळीबार, मग तो लग्नातला असला तरी, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा किंवा लाखापर्यंतच्या दंडाचा गुन्हा आहे.

अनेकांच्या मनात चोरापेक्षा रानडुक्कर आणि वाघच जास्त असतात. पीकरक्षणासाठी भरमार किंवा दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक परवान्यावर मिळू शकते, पण त्या परवान्याने डुक्कर किंवा रोही मारायची मुभा मिळत नाही; ती वनविभागाकडून वेगळी आणि लेखी घ्यावी लागते. जीव वाचवताना वन्यप्राणी मेला तर वन्यजीव कायदा संरक्षण देतो, मात्र लगेच वनविभागाला कळवायचे आणि प्राण्याला हात लावायचा नाही. बंदूक नाही म्हणून कुंपणात घरचा करंट सोडणाऱ्यांना तर हात जोडून सांगावेसे वाटते. ब्रह्मपुरीकडून आणून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली वाघीण ऑक्टोबर २०१७ मध्ये कारंजा तालुक्यात सिंदीविहिरीच्या शिवारात अशाच तारेने मेली. त्याच तारेला रात्री जागलीला निघालेला शेजारीही लागू शकतो. सोलरचे झटका मशीन घ्या; ते झटका देते, जीव घेत नाही.

शेवटी जुन्या घरांबद्दल. मालगुजारीच्या काळापासून आपल्याकडच्या काही वाड्यांत आजोबांची दुनळी कपाटात पडून असते. परवानाधारक वारला की ती घरात तशीच ठेवणे बेकायदा ठरते. आधी ती ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या, मग वारसाने स्वतःच्या नावे परवाना मागावा. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला असेल किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षे असेल, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावे ते करून देता येते, आणि हाच मार्ग सोयीचा. पण ते दोनच्या मर्यादेत मोजले जाते, तेव्हा नवी बंदूक घेण्याआधी वाड्यातली जुनी उघडून, नळ्या उजेडाकडे धरून पाहा. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करण्याची नोटीस आली तर मुदतीत जमा करा, पावती जपा आणि निकालानंतर विसरू नका. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच टाका. परवान्याची तारीख उलटली की तीच दुनळी कायद्याच्या नजरेत बेकायदा हत्यार होते.